रेघांची बाग

पट्टरवाक्कमला लोकलमधून उतरून औद्योगिक वसाहतीकडे चालायला लागलं की कंपाउंडच्या भिंतींमागून भिंती येतात. पत्र्याची छपरं, ट्रकची रांग, टपरीवर ग्लास विसळणारा पोरगा, लेथखालून काढून बाहेर ओतलेला लोखंडी किसाचा ढीग. यातच एका जुन्या कारखान्याचं फाटक दिवसभर उघडं असतं. आत काय तयार होतं ते पाटीवरून नीट कळत नाही. नटबोल्टच्या कुळातलंच काहीतरी असावं. फाटकापासून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत मात्र विटांची एक पायवाट आहे, आणि ती बघायला मी जाता-येता रेंगाळते. विटा तिरक्या, एकीच्या पोटाशी दुसरीचं डोकं, अशा माशाच्या काट्याच्या नक्षीत बसवलेल्या. दोन्ही अंगांना गुडघाभर मेंदीचं कुंपण. मध्यावर चार-सहा घागरी पाणी मावेल एवढा चौकोनी हौद. हौदाभोवती फुलांचे वाफे आहेत, पण नोव्हेंबरच्या पावसाने त्यातला झेंडू सडवून टाकलेला असतो आणि माळ्याने तो उपटून अजून दुसरं काही लावलेलं नसतं. रिकामे वाफे, ओली माती, तिच्यात रोवून ठेवलेलं एक खुरपं. वर्षातल्या सगळ्या दिवसांत ही बाग मला याच दिवसांत आवडते.

फुलं असतात तेव्हा नजर थेट फुलांवर जाते आणि तिथेच बसते. ती गेली की मग कळतं, वाट कुठे वळते, कुंपण कुठे थांबतं, हौदाची कड पायरीच्या कडेशी कशी जुळवून घेतली आहे. कुणीतरी कधीतरी दोरी ताणून, खुंट्या ठोकून हे आखलं होतं. कोण असेल? वसाहत १९६४ सालची. त्या पिढीतले इकडचे कारखानदार आणि इंजिनियर इंग्लंडात शिकून-फिरून आलेले असत. शिवाय बर्मिंगहॅममध्ये १९१० साली जन्मलेली हर्क्युलिस सायकल पुढे याच अंबत्तूरात तयार होऊ लागली, तेव्हा नकाशे आणि यंत्रांबरोबर बागेची एखादी कल्पनाही इकडे उतरली असेल तर नवल नाही. माझी ही नुसती अटकळ. मालकाला विचारायला जावं असं मनात येतं, पण उत्तर मिळालं तर अटकळीची मजा जाईल.

अंबत्तूरला हिवाळा असतो असं पुण्यात सांगितलं तर लोक हसतात. ऑक्टोबरपासून इथे ईशान्येकडून पाऊस येतो, डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर ओसरतो, आणि मार्गळी महिना लागतो. पहाटे पारा २१ अंशांवर आला की आमच्या गल्लीचा वॉचमन माकडटोपी काढतो, शाळेची रिक्षा वाट बघत असते तोवर आया पोरांच्या कानांवर मफलर आवळतात. शेजारच्या अक्का दोन्ही हात काखेत घालून म्हणतात, ‘‘रोंब कुळिर, मा.’’ फार थंडी आहे गं. मी खडकीत वाढलेली, डिसेंबरात नळाच्या पाण्याने बोटं वाकडी होणाऱ्या घरातली. तरी मीही मान डोलावते. थंडी ही शेवटी पाऱ्यापेक्षा सवयीने मोजायची गोष्ट.

आता या हिवाळ्यात पानगळ नाही, धुकं नावापुरतं, बर्फाचं तर नावच नको. उलट सगळं हिरवंगार. अंबत्तूरची एरी, म्हणजे तलाव, काठोकाठ भरलेली; तिचं जादा पाणी कोरट्टूरच्या एरीत उतरतं, तिथून पुढे माधवरमकडे. तळ्यांना तळी जोडून पाणी खेळवायची ही जुनी रीत. जलपर्णीतून वाट काढत वारकरी नावाचे काळे पाणपक्षी फिरत असतात. अशा गावात बसून मी इंग्लंडमधल्या हिवाळी बागांचं पुस्तक वाचते, हे जरा विनोदीच आहे. पुस्तक सेंट्रल स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून उचललेलं, पाठीला वाळवी लागलेलं. त्यात एडवर्डच्या काळातल्या बागांचे फोटो आहेत, बरेचसे थंडीत घेतलेले. काळे-पांढरे, काहीसे उदास, आणि बघत राहावेत असे.

सातव्या एडवर्डची कारकीर्द तशी छोटी, १९०१ ते १९१०. बागांच्या बाबतीत मात्र लोक पुढच्या महायुद्धापर्यंतचा काळ त्यातच धरतात. त्याच्या आधी, व्हिक्टोरियाच्या अमलात, मोठ्या घराची बाग म्हणजे पैशाचं प्रदर्शन होतं. काचघरांत भट्ट्या पेटवून हजारो नाजूक रोपं वाढवायची, उन्हाळा आला की ती बाहेर आणून लाल-पिवळ्या-निळ्या नक्षीत दाटीने मांडायची, गारठा पडला की उपटून टाकायची. मग अर्धं वर्ष उघडी माती. या थाटाचा विल्यम रॉबिन्सन नावाच्या आयरिश माळ्याला भयंकर तिटकारा. त्याची एक गोष्ट सांगतात. १८६१ सालच्या कडाक्याच्या थंडीत, मालकाशी की मुकादमाशी बिनसल्यावर, त्याने म्हणे काचघरांच्या भट्ट्या विझू दिल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि रातोरात नोकरी सोडून चालता झाला. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. पण त्याच्या पुढच्या लिखाणाला ती शोभते. १८७० साली त्याने ‘द वाइल्ड गार्डन’ लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, ज्या झाडाला तिथली थंडी सोसते ते लावा आणि त्याला त्याच्या मनासारखं वाढू द्या.

यावर रेजिनल्ड ब्लोमफिल्ड हा वास्तुविशारद उसळला. बाग हा घराचाच पुढे आलेला भाग, तेव्हा तिच्या भिंती, पायऱ्या, वाटा घर बांधणाऱ्यानेच आखाव्यात, माळ्याने मध्ये बोलू नये, असा त्याच्या १८९२ सालच्या पुस्तकाचा सूर. दोघांनी एकमेकांना छापील शिव्या दिल्या. आपल्याकडे साहित्यिकांची भांडणं गाजतात तशी त्यांच्याकडे ही बागेची. मला यात रॉबिन्सनची बाजू घ्यावीशी वाटते, कारण तो गरिबीतून वर आलेला आणि हट्टी. पण त्या विटांच्या वाटेपुढे उभी राहिले की ब्लोमफिल्डही अगदीच चुकत नव्हता असं वाटायला लागतं.

त्यांचं भांडण मिटवलं ते तिसऱ्याच माणसांनी, आणि तेही न सांगता. गर्ट्रूड जेकिल मूळची चित्रकलेची विद्यार्थिनी. भरतकाम करायची, चांदीवर नक्षी करायची. डोळे लहानपणापासून अधू, दूरचं अंधूक. पुढे ते इतके खालावले की पन्नाशीच्या आतच डॉक्टरांनी बारीक काम सोडायला सांगितलं. तिने बाग धरली. १८८९ साली तिची गाठ एडविन ल्युटेन्स या वास्तुविशारदाशी पडली. ती पंचेचाळीस वर्षांची, तो वीस. तो रेघा आखायचा: पायऱ्या, दगडी कठडे, माशाच्या काट्याच्या विटा, यूच्या सदाहरित झाडांची भिंतीसारखी कातरलेली कुंपणं, पाण्याचे अरुंद पाट. ती त्या रेघांवर झाडं सांडू द्यायची. कडेवरून लव्हेंडर ओघळतंय, पायरीच्या फटीतून डेझी उगवतेय, भिंतीवर गुलाब. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटावं की सगळं आपोआप उगवलंय. पुढे पुढे कित्येक बागांचे नकाशे तर तिने ती जागा न बघता, मातीचा नमुना आणि मोजमापं मागवून, घरबसल्या काढले.

अंधूक दिसणाऱ्या बाईने बागेत रंगांचे मोठे मोठे पट्टे कसे वाहते ठेवले, यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला कुतूहल आहे ते तिच्या थंडीचं. तिचं पहिलं पुस्तक, १८९९ सालचं ‘वूड अँड गार्डन’, महिन्यांच्या क्रमाने जातं आणि सुरुवात जानेवारीपासून करतं. बागेवर लिहिणारा दुसरा कुणी असता तर त्याने एप्रिल धरला असता. तिने गारठलेलं रान आधी घेतलं, कारण तेव्हाच झाडाचा सांगाडा दिसतो, फांदी कुठून फुटली ते दिसतं. १९२० मध्ये ल्युटेन्सने विल्यम निकोल्सन या चित्रकाराला तिचं चित्र काढायला धाडलं. बाईसाहेब सत्तरीच्या पुढच्या. दिवसाचा उजेड बागेच्या कामाचा, तो खुर्चीत बसून घालवणार नाही, म्हणाल्या, संध्याकाळी या. दिवसभर करायचं काय, म्हणून निकोल्सनने तिच्या बागेतल्या बुटांचं चित्र काढलं. टाचा झिजलेले, चामडं वाकलेलं, बोटांपाशी फुगलेले जाडजूड बूट. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तिच्या चेहऱ्याच्या चित्रापेक्षा मला ते जास्त तिचं वाटतं.

ल्युटेन्स आपल्याला माहीत असतो तो दिल्लीमुळे. राष्ट्रपती भवनामागची बाग त्याचीच, रोपांचं काम विल्यम मस्टोचं. ती उघडते हिवाळ्याच्या अखेरीस आणि लोक रांगा लावून ट्यूलिप बघून येतात. मीही बघितली आहे. देखणी आहे, प्रश्नच नाही, पण तिथे क्षणभर रेंगाळायची सोय नाही. मागचा माणूस मोबाइल उंच धरून पुढे सरका म्हणत असतो. साधेपणाचा तिथे कुणी दावाही केलेला नाही. या ल्युटेन्सचं चेन्नईशी नातं आहे ते त्याच्या बायकोकडून. लेडी एमिली १९१० च्या सुमारास थिऑसॉफीत ओढली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी अड्यारच्या किनाऱ्यावर लेडबीटर या थिऑसॉफिस्टाने एक किडकिडीत तेलुगू मुलगा हेरला होता. १९११ साली तो लंडनला गेला आणि एमिलीने त्याला पोटच्या मुलासारखा लावून घेतला. तोच जे. कृष्णमूर्ती. नवरा दिल्लीच्या वाटा आखण्यात गढलेला, बायकोचं मन अड्यारच्या वडाखाली. त्या प्रचंड वडाचं मधलं खोड १९८९ च्या वादळात कोसळलं. आता मध्ये रिकामी जागा आणि भोवती पारंब्यांचे खांब. मुख्य झाड कुठलं म्हणून विचारलं तर बोट दाखवायला जागा नाही, आणि झाड तर जिवंत आहे.

पानगळीचं म्हणाल तर अंबत्तूरात एकच झाड आपलं कर्तव्य पाळतं. देशी बदाम. आमच्या इमारतीच्या मागे, मोटारसायकली लावायच्या जागेत, एक आहे. जानेवारी उजाडला की त्याची हातभर पानं एक-एक करून तांबडी होतात. आधी शेंड्याला किरमिजी ठिपका, मग शिरांच्या मधला भाग, शेवटी देठाकडची हिरवी जीभ तेवढी उरते. मग ते पान कागद फाटल्यासारखा आवाज करत सीटवर पडतं. पंधरवड्यात झाड उघडं. तेव्हा दिसतं की याच्या फांद्या मजल्या-मजल्याने निघतात, प्रत्येक मजला जमिनीला समांतर, मधली अंतरं जवळपास सारखी. वर्षभर ही रचना पानांनी झाकलेली असते. आमच्या सोसायटीत मात्र या झाडावर दर जानेवारीत चर्चा होते: पानं झाडायची कुणी, वटवाघळं फळं टाकतात त्याचं काय, तोडूनच टाकूया का. २०१६ च्या १२ डिसेंबरला वरदा वादळाने शहरातली हजारो झाडं पाडली तेव्हा हे वाचलं, या एका भांडवलावर ते अजून उभं आहे. तोडा म्हणणाऱ्यांच्या तोंडावर अक्का ‘वरदा’ एवढा एकच शब्द टाकतात.

या अक्कांचीही एक बाग आहे. ती आमच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर, मार्गळीत रोज पहाटे उगवते आणि दहाच्या सुमारास स्कूटरींच्या चाकांखाली जाते. पाचच्या आधी त्या शेणाचा सडा टाकतात. जमीन ओलसर असतानाच कोलममावाची चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरून ठिपके टाकत जातात. पुळ्ळी म्हणतात त्यांना. आधी मधली ओळ, मग दोन्ही अंगांना एकेक ठिपका कमी करत. मापाला काही नाही, दोरी नाही, कंबरेत वाकलेल्या शरीराला जेवढी वीत कळते तेवढीच. तरी ओळी कर्णरेषेत बरोबर जुळतात. मग रेघ सुरू होते. ती ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालून पुढे जाते, दुसऱ्या रेघेखालून निघते, आणि फिरत फिरत सुटलेल्या जागी परत येते. शेवटी मधोमध शेणाचा छोटा गोळा, त्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळंजर्द फूल. एकच. आपल्या रांगोळीत रंग भरायची हौस. अक्का रंगांना नाक मुरडतात. ‘‘रंग टाकले की रेघ चुकलेली लपते,’’ असं त्या एकदा म्हणाल्या, आणि मला रॉबिन्सनसमोर उभा राहिलेला ब्लोमफिल्ड आठवला. एका फुलासाठी एवढी आखणी करणारी बाग जेकिलबाईंनी बघायला हवी होती. तिच्या डोळ्यांना ती दिसलीही असती: पांढरी रेघ, काळा रस्ता, मध्ये पिवळा ठिपका.

एडवर्डच्या काळातल्या तऱ्हेची खरीखुरी बाग चेन्नईत बघायची असेल तर मात्र दुसरीकडे जावं लागतं. कोयंबेडू, गिंडी करत, कत्तिपाराच्या पुलाखालून माउंट-पूनमल्ली रस्त्याने नंदंबाक्कमला. तिथे मद्रास वॉर सिमेट्री आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या साडेआठशेंहून जास्त सैनिकांच्या कबरी, दक्षिणेतल्या नि पूर्वेतल्या ठिकठिकाणच्या दफनभूमींतून हलवून इथे एकत्र आणलेल्या. स्मशानाला बाग म्हणायला जीभ अडखळते, पण ती बागच आहे, आणि तिचं कूळ थेट जेकिल-ल्युटेन्स या जोडगोळीपर्यंत जातं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं. ल्युटेन्स आणि ब्लोमफिल्ड दोघेही त्याचे प्रमुख वास्तुविशारद. फ्रान्समधल्या काही दफनभूमींच्या झाडांचे नकाशे ल्युटेन्सने जेकिलकडून करून घेतले. इंग्लंडच्या खेड्यातल्या बागेसारखं तिथे असावं, सैनिकाच्या आईला परकं वाटू नये, असा विचार. तीच रीत मग जगभर गेली. नंदंबाक्कमला समोर जो उंच दगडी क्रूस दिसतो, पोटावर तलवार टेकवलेला, तो ब्लोमफिल्डचा. हिरवळीवर एकसारख्या दगडांच्या सरळ रांगा, आणि दगडाच्या पायाशी मातीच्या अरुंद पट्टीत बुटकी फुलझाडं. ज्यावरून भांडण झालं त्या दोन्ही गोष्टी, आखीव रेघ आणि तिच्यावर सांडलेलं झाड, इथे शेजारी शेजारी.

त्या बुटक्या रोपांचं एक काम आहे, ते मला तिथे पावसात गेल्यावर कळलं. डिसेंबरातली सर होती, जोराची. पाणी मातीवर आपटतं तेव्हा चिखलाचे शिंतोडे वीतभर उडतात. जिथे रोप दाट होतं तिथला दगड स्वच्छ, अक्षरं वाचता येत होती. जिथे रोप मेलेलं होतं तिथे खालच्या दोन ओळींवर तांबूस चिखल. नाव, वय, रेजिमेंट. वय बहुतेक विशीतलं. मेजरचा दगड आणि साध्या शिपायाचा दगड एकाच मापाचा, हे कमिशनचं पहिल्यापासूनचं तत्त्व. पण हे तत्त्व सगळ्यांना सारखं लागलं नाही; पहिल्या महायुद्धातल्या आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांच्या वाट्याला कित्येकदा दगड तर सोडाच, नावसुद्धा आलं नाही, असं खुद्द कमिशनच्याच समितीने २०२१ साली कबूल केलं. बागेच्या सरळ रांगांत उभं राहून हे आठवलं की त्या सरळपणाचा जरा राग येतो. आणि तरी मी तिथे परत जाते.

खडकीलाही अशीच दफनभूमी आहे, पश्चिम नि मध्य भारतातल्या दीड हजारांहून जास्त कबरींची. आम्ही लहानपणी तिच्या कुंपणाबाहेरून सायकली हाकायचो. आत जाऊ नका, असं आईने सांगितलेलं, म्हणून आत जायचो. जानेवारीच्या सकाळी गवतावर दव असायचं आणि त्यातून चाललेल्याच्या पावलांची काळपट रेघ मागे उठायची. त्या वयात ती जागा आवडण्याचं कारण फक्त एवढंच की तिथे कुणी ओरडत नसे. पुण्याचं एम्प्रेस गार्डन त्याच्या अगदी उलट. तिथे जायचं ते प्रजासत्ताक दिनाच्या आसपासच्या पुष्पप्रदर्शनाला, सगळ्या गणगोतासकट, डबे घेऊन. डेलिया केवढाले, गुलाबांना पहिला-दुसरा नंबर, बोन्साय बघायला रेटारेटी. आजोबा मात्र आम्हाला तंबूतून बाहेर काढून ओढ्याकडे न्यायचे आणि जुन्या झाडांवर चढलेल्या मांडीएवढ्या वेली दाखवायचे. फुलं काय बाजारातही मिळतात, म्हणायचे.

या सगळ्या बागा हातांवर उभ्या असतात, हे फोटोत दिसत नाही. कॉर्नवॉलमध्ये हेलिगन नावाची एक इस्टेट आहे. तिथल्या माळ्यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये आपल्या संडासाच्या चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने सह्या केल्या आणि युद्धावर गेले. बरेचसे परत आले नाहीत. बागेवर झाडोरा माजला, आणि नव्वदच्या दशकात ती पुन्हा साफ करताना त्या सह्या सापडल्या. एडवर्डच्या काळातली बाग संपली ती आवड बदलली म्हणून थोडीफार, आणि कुंपण कातरायला माणसं उरली नाहीत, मजुरी परवडेनाशी झाली म्हणून जास्त. ज्याला आपण साधेपणा म्हणतो तो ठेवायला दहा-वीस माणसं लागत. म्हणजे साधं काय होतं त्यात? हा प्रश्न मी पुस्तक वाचताना बाजूला ठेवते, पण तो जात नाही.

कारखान्यातला माळी एकटाच आहे. तिरुत्तणीकडचा. सकाळी बाग, दुपारी मालाची चढउतार, कुणी सुट्टीवर असेल तर फाटकावर. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाचं पाणी औद्योगिक वसाहतीत शिरलं तेव्हा या कारखान्यातही कित्येक दिवस साचलं होतं. ओसरल्यावर भिंतींवर, यंत्रांवर, सगळीकडे एकाच उंचीवर तेलकट काळी कड उठली. मेंदीच्या कुंपणावरही. लोक पंप आणि मोटारी उघडून वाळवत बसले होते तेव्हा हा गडी कात्री घेऊन त्या कडेखालची पानं कातरत होता. मी विचारलं, एवढी घाई कसली? म्हणाला, तेलाने पानांचा श्वास अडकतो, आणि आता नाही कापलं तर कुंपण खालून विरळ होईल, मग ते परत कधी भरत नाही. वरून दाट दिसतं, खालून कुत्री शिरतात. कातरताना तो दोरी लावत नाही. एक डोळा मिटतो, मान तिरकी करतो आणि चालत चालत कापत जातो. शेवटाला पोचल्यावर मागे वळून एकवार बघतो, कुठेतरी दोन पानं जास्त वाटली तर परत येतो. हौदाच्या कोपऱ्याजवळ मात्र कुंपणातून एक जंगली वेल वर आलेली आहे, ती त्याने ठेवली आहे. का, ते विचारलं तर नुसता हसतो.

वेलींचा इकडे मानच आहे म्हणा. अंबत्तूरच्या पुढच्याच स्टेशनाचं, तिरुमुल्लैवायलचं, नाव मुल्लैवरून पडलेलं, म्हणजे जुईवरून. तिथल्या मासिलामणीश्वराच्या देवळाची कथा अशी की, तोंडैमान राजाचा हत्ती जुईच्या जाळीत पाय अडकून खिळला. राजाने तलवारीने वेल कापायला घेतली तर आतून रक्त आलं. बघतो तर खाली शिवलिंग, त्याला घाव बसलेला. देवळात रुईच्या लाकडाचे म्हणून दोन खांब दाखवतात. रुईसारख्या झुडपाचा खांब होतो कसा, हे मला सुटलेलं नाही. पुजारी म्हणतात, पूर्वी व्हायचा. हत्तीला अडवणाऱ्या त्या जुईचा कुणी कधी मांडव बांधला नसेल, तिला वळण लावलं नसेल. रॉबिन्सन खूश झाला असता.

सध्या बाजारात जुई महाग आहे. पावसात कळ्या काळ्या पडतात. फुलवाली तिच्याऐवजी जांभळ्या कोरांटीचे गजरे घेऊन बसते. इकडे तिला ‘डिसंबर पू’च म्हणतात, वास अजिबात नाही, पण मार्गळीत सगळ्यांच्या वेण्यांत तीच. केळीच्या सोपटाच्या धाग्यात दोन-दोन फुलं उलटसुलट धरून ती अशा वेगाने गाठी मारते की गाठ कधी पडली ते दिसत नाही. परवा घेतलेला गजरा रात्री टेबलावर ठेवला होता, सकाळी बघते तर पाकळ्या गळून गेलेल्या आणि धाग्यावर हिरव्या देठांची नुसती एक काटेरी ओळ. फेकवेना. कारखान्यातल्या माळ्याला विचारलं, रिकाम्या वाफ्यात ही लावाल का? तो म्हणाला, साहेबांना झेंडूच हवा. मग जरा थांबून म्हणाला, कुंपणाच्या आतल्या बाजूने दोन काड्या खोचून बघू, तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

पोंगल झाला की मी आठवडाभर पुण्याला जायची आहे; तिकीट आहे, फक्त वेटिंग लिस्टमधलं. फोनवर आईला म्हटलं, येताना कोरांटीच्या काड्या आणते, जांभळ्या, इकडे डिसेंबरभर फुलतात. आई म्हणाली, ‘‘अगं, कोरांटी आपल्या मागच्या भिंतीला माजलीये नुसती! तुझ्या बाबांनी आत्ताच अर्धी उपटून टाकली. त्यापेक्षा तो कोलमचा पांढरा भुगा आण दोन पाकिटं, आणि तुझ्या त्या अक्कांना विचार, ओल्या फरशीवर तो धरतो का.’’